आजच्या देहाचे माप

वार्धक्यात देहाचे जे जे उणे होते, त्याचा हिशेब आपण बहुधा नीट ठेवतो. दृष्टी मंदावली की चष्म्याचा नंबर बदलतो, दात गेले की कवळी येते, ऐकू कमी आले की यंत्राची चौकशी सुरू होते. या हिशेबातून एक गोष्ट मात्र हमखास सुटते, ती म्हणजे उंची. ती इतकी सावकाश उतरते की ज्याची उतरते त्यालाही कळत नाही आणि रोज पाहणाऱ्या घरच्यांनाही कळत नाही. प्रथम कळते ते कपड्यांना. वर्षानुवर्षे नीट बसणारी विजार टाचेखाली येऊ लागते, सदऱ्याच्या बाह्या पंजावर उतरतात, कोटाचे खांदे दंडावर ओघळतात. मूळचा मध्यम उंचीचा गृहस्थ थोरल्या भावाचे कपडे घालून वावरतो आहे असे दिसू लागते. आणि जो मूळचाच ठेंगणा, तो तर कपड्यांत हरवूनच जातो.

आहार, निद्रा, व्यायाम आणि औषधे यांच्या पंक्तीत पोशाखाला का बसवायचे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याची कारणे तीन आहेत. पायात येणारी विजार माणसाला पाडते. सैल पडत गेलेला पोशाख कधी कधी पाठीच्या कण्यातील बिघाडाची पहिली सूचना देतो. आणि तिसरे कारण असे की, नीटनेटक्या वेशातील वृद्धाशी लोक वेगळ्या रीतीने बोलतात, आणि तोही स्वतःकडे वेगळ्या नजरेने पाहतो. आजच्या लेखात पुरुषांच्या पोशाखाचा, त्यातही उंचीने लहान असलेल्या किंवा वयपरत्वे लहान झालेल्या पुरुषांच्या पोशाखाचा विचार करू.

उंची कोठे जाते?

आपल्या पाठीच्या कण्यात मणक्यांच्या मध्ये गादीसारख्या चकत्या असतात. वयानुसार त्यांतील पाण्याचा अंश घटतो, त्या चपट्या होतात. त्यात पाठीचे स्नायू सैल पडतात, खांदे पुढे झुकतात आणि गुडघे किंचित वाकलेले राहू लागतात. अमेरिकेत बाल्टिमोर येथे अनेक वर्षे चाललेल्या एका प्रदीर्घ अभ्यासात असे आढळले की, तिशीपासून सत्तरीपर्यंत पुरुषांची उंची सरासरी ३ सेंटिमीटरने आणि स्त्रियांची ५ सेंटिमीटरने कमी होते. ऐंशीपर्यंत हीच घट पुरुषांत सुमारे ५ आणि स्त्रियांत सुमारे ८ सेंटिमीटरवर जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही घट मुख्यतः धडात होते. हातापायांची हाडे लांबीने होती तेवढीच राहतात. मग पाय तेवढेच असताना विजार लांब का होते? कारण ती आता पूर्वीच्या जागी बसत नाही. पोट सुटले की कंबरपट्टा पोटाखाली घसरतो. नितंबांचे मांस झडल्याने तो मागूनही अडत नाही. आणि गुडघे वाकलेले राहिल्याने विजारीच्या पायांना घड्या पडून त्यांचे टोक जमिनीला लागते. बाह्यांचेही तसेच. हात लांब झालेला नसतो. खांद्याचे स्नायू आटल्यामुळे शिवण दंडावर उतरते आणि तिच्यामागोमाग सारी बाही खाली येते. हे कारण समजले म्हणजे उपायही कळतो. केवळ खालून दुमड घालून भागत नाही. वस्त्र वरून नीट बसवावे लागते.

वर्षातून एकदा उंची मोजावी

कपडे शिवायला टाकण्यापूर्वी घरीच उंची मोजून घ्यावी. सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला लावून उभे राहावे, नजर समोर ठेवावी. दुसऱ्या कोणी तरी डोक्यावर पुठ्ठ्याचे पुस्तक आडवे टेकवावे आणि भिंतीवर पेन्सिलीची खूण करावी. दिवसभरात मणक्यांमधील चकत्या दबल्यामुळे सायंकाळी माणूस साधारण एखादा सेंटिमीटर कमी भरतो. म्हणून दर वेळी मोजणी सकाळीच करावी. ज्यांचा तोल जातो त्यांना धरायला शेजारी कोणी असावे.

तरुणपणीची उंची आठवत नसेल तर ती कागदांत सापडू शकते. सरकारी नोकरी केलेल्यांच्या सेवापुस्तकात ती नोंदलेली असते. आयुर्विम्याच्या जुन्या कागदपत्रांतही कधी कधी मिळते. काहीच नसेल तर दोन्ही हात बाजूंना सरळ पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे. हाताची हाडे आखूड होत नसल्याने हे अंतर तरुणपणीच्या उंचीचा ढोबळ अंदाज देते.

तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा अधिक घट दिसली, अथवा वर्षा-दोन वर्षांत २ सेंटिमीटर उंची उतरली, तर शिंप्याआधी डॉक्टरांकडे जावे. हाडे ठिसूळ झाली असता मणका आतल्या आत दबून मोडू शकतो, आणि अशा मोडण्याची पुष्कळदा कल्पनाही येत नाही. ‘पाठ धरली’ म्हणून ते दुखणे सोडून दिले जाते. अस्थिसौषिर्य हा केवळ स्त्रियांचा आजार आहे या समजुतीमुळे पुरुषांकडे दुर्लक्ष होते. दीर्घकाळ स्टेरॉइडची औषधे घेणारे, प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी संप्रेरके कमी करणारे उपचार घेतलेले, तसेच धूम्रपान वा मद्यपान करणारे पुरुष यांनी विशेष सावध राहावे. कण्याचे क्ष-किरण चित्र आणि हाडांच्या घनतेची तपासणी यांवरून निदान होते, आणि त्यावर उपचार आहेत.

धोतराचा धडा

आपल्याकडच्या जुन्या पिढीला हा प्रश्न फारसा भेडसावला नाही, याचे एक कारण धोतर. न शिवलेले वस्त्र रोज सकाळी नव्याने नेसले जाते, म्हणजे रोज त्या दिवशीच्या देहाचे माप घेतले जाते. पोट वाढो, पाठ वाको, उंची उतरो. निऱ्या तेवढ्या कमीअधिक होतात. शिवलेले कपडे मात्र ज्या दिवशी माप घेतले त्या दिवसाच्या देहाला धरून राहतात. पन्नाशीत शिवलेली विजार पंचाहत्तरीतही पन्नाशीचाच माणूस शोधत असते.

नेटक्या पोशाखाला उंची लागत नाही हे पाहायचे असेल तर जानेवारी १९६६ मधील ताश्कंदची छायाचित्रे आठवावीत. सहा फुटांहून उंच अयूब खान यांच्या शेजारी जेमतेम सव्वापाच फुटांच्या आतले लालबहादूर शास्त्री उभे आहेत. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर टोपी. दोघांच्या उंचीतला फरक लपलेला नाही आणि तो लपवण्याचा प्रयत्नही नाही. पण त्या वेशातला माणूस कोठेही कपड्यांत बुडालेला वाटत नाही. ठेंगण्या माणसाच्या पोशाखाचे इंगित एवढेच आहे. उंच दिसण्याची धडपड करू नये. कपडे आपल्या मापाचे असावेत.

विजार आणि लेंगा

सर्वांत आधी पायांकडे पाहावे, कारण धोका तेथे आहे. बाहेर घालायची विजार पुढे चपलेच्या वा बुटाच्या वरच्या भागाला जेमतेम टेकावी आणि मागे टाचेजवळ जमिनीपासून निदान २ सेंटिमीटर वर राहावी. पुढे कापडाच्या घड्या साचल्या की पाय आखूड दिसतात आणि अडखळण्याचे भय असते ते वेगळेच. घरात अनवाणी वावरणाऱ्यांचा लेंगा घोट्याच्या हाडाशीच संपावा. लुंगी वापरणाऱ्यांनी तीही घोट्याच्या वर राहील अशी नेसावी. रात्री शौचास उठताना लुंगीचे टोक पायाखाली येऊन पडलेली माणसे कमी नाहीत.

विजार बेंबीच्या आसपास बसली तर पाय लांब दिसतात आणि ती घसरतही नाही. त्यासाठी शिंप्याला आसन थोडे उंच ठेवायला सांगावे. सैल कंबर पट्ट्याने आवळून चुण्या पाडण्यापेक्षा मागच्या शिवणीतून कापड आत घ्यावे, किंवा नेफ्याच्या दोन्ही कुशींना थोडे इलॅस्टिक घालावे. पट्टा काचू नये. जेवणानंतर छातीत जळजळ होणाऱ्यांना आवळलेल्या पट्ट्याचा त्रास वाढतो. पोट मोठे आणि कंबर सडपातळ अशा शरीरयष्टीला खांद्यावरून जाणारे पट्टे, ज्यांना जुनी मंडळी गॅलिस म्हणत, फार सोयीचे पडतात. मात्र ज्यांना शौचाला घाई होते त्यांनी ते टाळावेत.

तयार विजार घेतली तर ती पुष्कळदा उंच माणसाच्या प्रमाणात बेतलेली असते. नुसती खालून कापली तर गुडघ्यासाठी ठेवलेला घेर पोटरीवर येतो आणि पाय खाली झोळीसारखा दिसतो. लांबी कमी करताना गुडघ्यापासून खालचा घेरही कमी करून घ्यावा. त्याची मजुरी थोडी अधिक पडते, पण विजार अंगावर आपली वाटते. घेर फार अरुंद नसावा; सुजलेला पाय किंवा बँडेज बांधलेला घोटा त्यातून सहज आत जायला हवा.

सदरा आणि झब्बा

सदऱ्याची खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यावी आणि बाही मनगटाच्या हाडाशी थांबावी. अर्धी बाही कोपराच्या बरीच वर राहिली तर हात मोकळा दिसतो. कोपर झाकणारी अर्धी बाही माणसाला अधिकच बुटका दाखवते. विजारीवर मोकळा सोडायचा सदरा मागच्या खिशाच्या मध्यापर्यंत पुरे. त्याहून लांब गेला की पाय आखूड भासतात. झब्ब्याला हाच न्याय लावून तो गुडघ्याच्या किंचित वर ठेवावा. पोटरीपर्यंत लोंबणारा झब्बा उंच माणसाला शोभतो. ठेंगण्या माणसाचे त्याने फक्त डोके आणि पावले उरतात.

वयानुसार मान बारीक होते आणि जुन्या सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती कड्यासारखी उभी राहते. बटण लावल्यावर कॉलर आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे जावीत, मूठ जाऊ नये. पाठीला पोक आलेल्यांच्या सदऱ्याची मागची कड वर उचलली जाते आणि पुढची खाली लोंबते. शिंप्याला ‘पाठीत लांबी वाढवा, पुढे कमी करा’ एवढे सांगितले की त्याला कळते. अशा शरीरयष्टीला वर बिनबाह्यांचे जाकीट चांगले दिसते. पुढून सरळ उतरणाऱ्या त्याच्या दोन कडा नजरेला खालीवर नेतात आणि पोक काहीसा झाकला जातो.

खिशांविषयीही एक सूचना. मोबाइल, चष्म्याचे घर, छोटी वही आणि गोळ्यांची डबी हे सारे छातीच्या एकाच खिशात कोंबले की सदरा एका अंगाला ओढला जातो आणि वाकलेली पाठ अधिक वाकलेली दिसते. जाकिटाच्या दोन्ही बाजूंच्या खिशांत हे ओझे वाटून घ्यावे.

रंग, रेघा आणि पादत्राणे

पांढरा सदरा, काळी विजार आणि मध्ये रुंद चकचकीत पट्टा, या जोडीने देहाचे दोन तुकडे पडतात. वरखाली एकाच कुळातले रंग असावेत. फिकट करड्या सदऱ्यावर गडद करडी विजार, बदामीवर तपकिरी, आणि विजारीला मिळते मोजे. मग नजर कोठेही न अडता डोक्यापासून पायापर्यंत जाते. पांढरा लेंगा आणि पांढरा झब्बा हा आपला जुना वेश या कसोटीला पुरेपूर उतरतो.

उभ्या रेघांनी माणूस उंच दिसतो ही समजूत सर्वत्र आहे. पण १९व्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी दाखवून दिले होते की, आडव्या रेघांनी भरलेला चौरस उभ्या रेघांच्या चौरसापेक्षा अधिक उंच भासतो. तेव्हा रेघांच्या भरवशावर राहू नये. बारीक रेघ, बारीक चौकट, साधे कापड, जे आवडेल ते घ्यावे. मोठमोठ्या चौकटी मात्र लहान चणीच्या माणसाला झाकोळून टाकतात.

उंची वाढवण्यासाठी बुटात घालायच्या जाड गाद्या किंवा उंच टाचा यांच्या मोहात उतारवयात पडू नये. त्यांनी तोल पुढे जातो. टाच २.५ सेंटिमीटरहून कमी आणि रुंद असावी, तळ घसरणारा नसावा, आणि चपलेला मागे पट्टा असावा. गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे घालून चालणे किंवा सैल सपाता घसटत नेणे, ही दोन्ही पडण्याला निमंत्रणे आहेत.

शिंप्यासमोर आणि घरी

माप देताना प्रत्येक माणूस छाती पुढे काढून ताठ उभा राहतो. परिणामी कपडा त्या दोन मिनिटांच्या देहासाठी शिवला जातो आणि उरलेला दिवस तो चुकीचा बसतो. आपण नेहमी जसे उभे राहतो तसेच उभे राहावे. रोजची चप्पल पायात असावी. डायपर वापरत असल्यास तो घालूनच माप द्यावे. याची लाज वाटत असेल तर सोबत गेलेल्याने शिंप्याला हळूच सांगावे. कपडा तयार झाल्यावर तो घालून खुर्चीत बसून, उठून, चार पावले चालून पाहावा. दुकानाची पायरी चढवत नसेल, तर ज्या कपड्यांत माणूस आजही नीट दिसतो असा एक सदरा आणि एक विजार मापासाठी पाठवावी. पंधरा वर्षांपूर्वीचे कपडे मापाला पाठवू नयेत.

शुश्रूषा करणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी पाहाव्यात. बोटे आखडलेल्यांसाठी मोठी बटणे, किंवा वरून बटणे आणि आत चिकटपट्टी अशी योजना करता येते; सदरा पूर्वीसारखाच दिसतो. विजार नेहमी बसवून घालावी. अर्धांगवायू झालेल्यांना कपडे घालताना आधी दुर्बळ हात बाहीत घालावा आणि उतरवताना आधी सशक्त हात काढावा. आणि जेवढे त्यांना स्वतः करता येते तेवढे करू द्यावे. शेवटचे बटण लावायला पाच मिनिटे लागली तरी ती त्यांची पाच मिनिटे आहेत.

‘आता मला कोण बघणार?’

सर्वांत अवघड भाग कपडे शिवण्याचा नाही, शिवायला राजी करण्याचा आहे. ‘आता मला कोण बघणार?’, ‘किती दिवस घालणार मी नवे कपडे?’ ही वाक्ये बहुतेक घरांत ऐकू येतात. त्यांच्या जोडीला आपल्याकडची आणखी एक रीत आहे. मुलाने टाकलेले टी-शर्ट आणि विजारी वडील वापरू लागतात. काटकसर म्हणून ते योग्यही वाटते. पण मुलगा वडिलांपेक्षा अनेकदा अर्ध्या वितीने उंच असतो, आणि ज्याच्या बोटाला धरून तो चालायला शिकला, तो बाप त्याच्याच जुन्या विजारीचे पाय दुमडून घरभर वावरतो. दुमड सुटते, पायाखाली येते, आणि कधी कधी त्याचा शेवट मोडलेल्या खुब्यात होतो.

अशा वेळी वाद घालू नये आणि बाजारातून परस्पर कपडे आणून पुढ्यात ठेवूही नयेत. ‘बाबा, तुम्हाला हे शोभत नाही’ असे म्हटले की माणूस दुखावतो. ‘विजार पायात येते आहे, एवढी नीट करून आणतो’ असे म्हटले की बहुधा तयार होतो. एका विजारीपासून आरंभ करावा. रंग आणि कापड त्यांनाच निवडू द्यावे. ज्यांना विस्मरणाचा आजार आहे त्यांच्यासमोर दोनच पर्याय ठेवावेत, पण निवड त्यांची असावी.

मग एखाद्या सुटीच्या सकाळी दोघांनी मिळून कपाट उघडावे आणि कपड्यांचे तीन गठ्ठे करावेत. आहेत तसे वापरायचे, दुरुस्तीला टाकायचे, आणि कोणाला तरी देऊन टाकायचे. लग्नातला कोट किंवा निवृत्तीच्या समारंभात घातलेला सफारी कोणत्याच गठ्ठ्यात बसत नसेल तर तो तसाच जागेवर राहू द्यावा. त्याचे काम आता अंगावर बसण्याचे नाही. दुरुस्तीच्या गठ्ठ्यातली, पायात येणारी पहिली विजार मात्र त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे पोचवावी. ती दुरुस्त होऊन येईपर्यंत बाबांनी घोट्याशी संपणारा लेंगाच घालावा.